छोट्या फोनचा हट्ट

आमच्या ह्यांच्याकडे दोन यंत्रं. एक टॅबलेट, कंपनीनं दिलेला, चांगला शाळेच्या पाटीएवढा. आणि एक फोन, स्वतःचा, काडेपेटीपेक्षा जेमतेम मोठा. आता मला सांगा, परक्या देशात राहणाऱ्या एकुलत्या एका लेकीचं तोंड बघायचं असेल तर शहाणा माणूस कशावर बघेल? आमचे हे काडेपेटीवर बघायचे. सहा वर्षं. आणि मलाही त्याच्यावरच बघायला लावायचे.

हे लिफ्ट दुरुस्त करतात. एकतीस वर्षं झाली. आजूबाजूच्या सगळ्या इमारतींत ह्यांना लिफ्टमास्तर म्हणतात. काम लिफ्टचं, पण जन्म गेला जिने चढण्यात, कारण हे पोचतात तेव्हा लिफ्ट बंदच असते. घरी येतात ते गुडघे चोळत. बरं, आम्ही राहतो तळमजल्यावर, म्हणजे स्वतःच्या घरी लिफ्टनं जायचं सुख नशिबात नाहीच.

माणूस मुलखाचा नेटका. पाने, पक्कड, टेस्टर, प्रत्येक हत्याराला दोरी बांधलेली आणि दोरीचं दुसरं टोक पट्ट्याला. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली होते तिथे, लिफ्टच्या डोक्यावर उभं राहून काम करायचं असतं. तिथून काही निसटलं की थेट खालच्या खड्ड्यात. आणि ह्यांचा नियम असा की तिथे एक हात कायम कशाला तरी धरलेला असला पाहिजे. जे करायचं ते दुसऱ्या हातानं.

चार वर्षांपूर्वी टॅबलेट आला तेव्हा मला वाटलं, आता फोनही जरा मोठा घेतील. छे! उलटंच झालं. "मोठं बघायला हे आहे की आता," म्हणाले. "नकाशे ह्याच्यावर, यादी ह्याच्यावर, लोकांच्या सह्या ह्याच्यावर. मग खिशात आणखी एक पाटी कशाला वागवू? फोन म्हणजे एका मुठीत मावेल, एका अंगठ्यानं चालेल असा हवा." एकदा मी ह्यांना ओढत दुकानात नेलं. दुकानदारानं पाच-सहा फोन मांडले, सगळे थोराड. ह्यांनी त्यातला एक शर्टाच्या खिशात घातला आणि भर दुकानात, लोक बघतायत, कशाचं भान नाही, लिफ्टवर वाकतात तसे वाकले. फोन घसरून काउंटरवर आपटला. दुकानदाराचा चेहरा पडला.

"बघितलंस?" हे माझ्याकडे वळून म्हणाले. जणू मीच पाडला.

"काका, एवढे छोटे फोन आता कोणी बनवत नाही हो," दुकानदार काकुळतीला येऊन म्हणाला.

"मग आहे तोच जपायला हवा," हे म्हणाले आणि चालायला लागले.

घरी आल्यावर मला कामाला लावलं. त्या फोनच्या मापाचा खिसा, शर्टाच्या आतून, वर झाकण, झाकणाला बटण. तीन शर्टांना शिवून दिला. शिवणार नाही तर काय? पंचवीस वर्षं मशीन चालवतेय, माझं पोट त्याच्यावरच. बायकांचे ड्रेस ही माझी खासियत. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की नजरेनं माप कळतं मला, टेप नंतर लावते ती नुसती खात्रीसाठी. आणि मी चार प्रश्न विचारल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. बसून काम की उभ्यानं? पर्स कुठल्या खांद्याला? घरी चेन लावायला कोण आहे? एकटी राहणारी असेल तर मी पाठीला चेन देतच नाही, पुढून बटणं देते. उगाच बाई सकाळी घाईत हात मुरगाळून बसायची.

तर लेक. शिकायला म्हणून गेली, तिकडेच नोकरी लागली. मग कागदपत्रांचं कसलंसं त्रांगडं झालं. ते सुटेपर्यंत तिकडून निघालं तर परत जाता येत नाही म्हणे. आज सुटेल, उद्या सुटेल करत सहा वर्षं गेली. दर शनिवारी चारला तिचा फोन. मी वर्षाला दोन ड्रेस शिवून पाठवायची, आणि शनिवारी ती त्यातलाच एखादा घालून बसायची. "छान बसला गं आई," म्हणायची. पण मला दिसायचं काय? कोटाच्या बटणाएवढं तोंड, तेही पुसट. हे फोन हातातून सोडायचे नाहीत, मी ह्यांच्या खांद्यावरून मान उंच करून बघायची. तिनं फोटो पाठवले तर तेही गळ्यापर्यंतच.

माझ्या पोटात कायम एकच भीती. पोरगी सुकत चाललीय आणि मला कळू देत नाहीत. तोंडावरून काही कळत नाही हो. माणूस तोंड हसरं करू शकतं. खांदे, पाठ, कंबर खोटं बोलत नाहीत, ते मला एकदा दाखवा. मला माझी मुलगी डोक्यापासून पायापर्यंत बघायची होती. एवढंच मागणं होतं माझं.

"एकदा लावा की त्या टॅबलेटवर," मी दर शनिवारी म्हणायची.

"कंपनीची वस्तू आहे."

"त्याच्यावर बुद्धिबळ खेळताना नाही आठवत कंपनी?"

की हे वर्तमानपत्र उघडायचे. पण टॅबलेट काही पिशवीबाहेर यायचा नाही. मला इतका राग यायचा, वाटायचं, ह्या माणसाला लेकीची ओढच नाही. काडेपेटीत मावते तेवढी मुलगी ह्याला पुरते.

एका शनिवारी खिशांचे तिन्ही शर्ट मी भिजत घातले होते. चूक माझी, कबूल. हे साधा शर्ट घालून गेले. दोनला परत आले ते रुमालात काहीतरी गुंडाळून. टेबलावर उघडलं तर फोनचा चेंदामेंदा. नवव्या मजल्यावरून खड्ड्यात.

"एकतीस वर्षांत एक स्क्रू पडू दिला नाही मी," म्हणाले आणि खुर्चीत बसले ते बसलेच. जेवले नाहीत. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, दहाएक मिनिटं. मग माझं लक्ष दाराला टांगलेल्या टॅबलेटच्या पिशवीकडे गेलं.

चारला माझा बटणांचा फोन वाजला. "आई, बाबांचा लागत का नाही?"

"त्याला मोक्ष मिळाला," मी म्हटलं. "आता टॅबलेटवर कसं करायचं ते सांग मला."

पलीकडून म्हणाली, "राहू दे ना आई, असंच बोलू आज." इकडे हे म्हणाले, "राहू दे, नेट कमी आहे." दोघांचं एकाच वेळी 'राहू दे'! मी काय दूधखुळी आहे? मी टॅबलेट काढला, ह्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "उघडा. नाहीतर आजपासून तुमचे खिसे तुम्ही शिवा." लेकीनं कंपनीच्या ईमेलवर लिंक पाठवली, ह्यांनी ती दाबली, आणि माझी मुलगी समोर आली.

केवढी मोठी! डोळ्यांच्या पापण्या दिसत होत्या. उजव्या भुवईत एक बारीक खूण होती, ती मी कधी पाहिलीच नव्हती.

"हे काय लागलं गं?"

"ते होय? दोन वर्षं झाली आई. कपाटाचं दार लागलं होतं."

दोन वर्षं! दोन वर्षं माझ्या मुलीच्या भुवईत खूण आहे आणि मला पत्ता नाही. पण रडत बसायला वेळ नव्हता. मी खाली बघितलं. मी शिवलेला निळा ड्रेस, अंगावर शाल. आणि ड्रेसचा गळा पुढे ओघळलेला, खांद्याच्या शिवणी बाहेरच्या बाजूला सरकलेल्या. माझ्या हातचा गळा असा कधी बसत नाही. कपडा अंगावर लोंबायला लागला की असा दिसतो.

"उभी राहा."

"आई, कशाला उगाच..."

"उभी राहा म्हणते ना!"

"बॅटरी संपत आली बहुतेक," हे मधेच म्हणाले. बॅटरी ऐंशी टक्के होती, मला आकडे वाचता येतात.

ती उभी राहिली. "शाल काढ. पाठ फिरव." फिरली. आणि मी बघतच राहिले. माझी मुलगी सुकली नव्हती. चांगली भरलेली, ताठ पाठ होती. सगळी दिसत होती, कारण पाठीवरची चेन मानेपासून कमरेपर्यंत उघडी होती.

"चेन का नाही लावलीस?"

"हात नाही गं पोचत मागे."

"आणि बाकीचे ड्रेस?"

"सगळ्यांचं तेच, आई." ती हसायला गेली. "शाल घेते ना मी. फोनवर कुठे काय दिसतं?"

बारा ड्रेस. बाराही पाठीला चेनचे. जगातल्या प्रत्येक बाईला मी विचारते, घरी चेन लावायला कोण आहे. पोटच्या पोरीला नाही विचारलं. विचारायचं सुचलंच नाही, कारण तिची चेन लावणारी मी! सात वर्षांची होती तेव्हापासून, ड्रेस अडकवला की माझ्या मशीनपाशी यायची, एक शब्द न बोलता पाठ करून उभी राहायची, केस एका हातानं बाजूला धरून. मी म्हणायची, "थांब गं, हात रिकामा होऊ दे." आणि टीप संपली की सर्रकन चेन वर. मग पाठीवर एक थाप, जा आता. बावीस वर्षांची होईपर्यंत हेच. मी ड्रेस शिवायला बसले की माझ्यासमोर तीच पाठ यायची, आणि हात आपोआप तिथेच चेन लावायचे.

फोन संपल्यावर मी ह्यांच्याकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं."

"चार वर्षं," हे म्हणाले. खाली बघत होते. "मी लिफ्टच्या डोक्यावर होतो. तिचा फोन आला. म्हणाली, बाबा, पाठीवरची चेन एकट्यानं कशी लावायची? मी म्हटलं, सोपं आहे, टोकाला दोरी बांध, खांद्यावरून पुढे घे आणि ओढ. माझी हत्यारं बघितलीयस ना, तसं."

"मग?"

"तिनं केलं तसं. चेन लागली. पण दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाली, दोरी सोडून टाकली. म्हटलं, का गं? तर म्हणाली, बाबा, ती चेन आई लावते. उघडी असली तर वाटतं, आई आतल्या खोलीत आहे, येईल आत्ता." हे रुमालातले फोनचे तुकडे गोळा करायला लागले. "आणि म्हणाली, आईला सांगू नका, नाहीतर ती मला पुढून बटणं द्यायला लागेल. एकट्या बायकांना देते तशी."

मी मशीनवरचं झाकण उगाच काढून परत घातलं.

"तुझी नजर मला माहीत आहे," हे म्हणाले. "मोठ्यावर तू एका मिनिटात पकडलं असतंस. छोट्यावर काही दिसत नव्हतं. तुलाही आणि मलाही. मला काय ती पूर्ण बघावीशी वाटत नव्हती?"

ह्या माणसाला ओढ नाही म्हणत होते मी. चार वर्षं त्यानं स्वतःलाही काडेपेटीतच बघू दिलं. माझी मलाच लाज वाटली. पण तसं तोंडावर कबूल करायची मी नव्हे. "जेवून घ्या," म्हटलं, "पोटात काही नाही सकाळपासून."

ह्यांना पुढे कुठल्याशा जुन्या बाजारात अगदी तसाच एक फोन मिळाला, कोपऱ्याला टवका उडालेला. स्वारी खूश. तो कामाला जाताना माझ्या खिशात, म्हणजे मी शिवलेल्या. शनिवारी चारला मात्र टॅबलेट, कंपनी काही म्हणो.

तेरावा ड्रेस बेतायला घेतला आणि दोन दिवस कात्री हातात धरून नुसती बसले. पुढून बटणं दिली तर पोरीला एका मिनिटात घालता येईल, शाल लागणार नाही, गळा कसा सुरेख बसेल. तिसऱ्या दिवशी कापड कापलं आणि चेन पाठीलाच लावली.

पार्सल पोचलं त्या शनिवारी मी मशीनवरच होते. हे टॅबलेट माझ्यासमोर उभा करून गेले. पडदा उजळला तर ती पाठमोरी उभी, नवा ड्रेस घालून, चेन उघडी, केस एका हातानं बाजूला धरलेले. एक शब्द बोलली नाही.

"थांब गं," माझ्या तोंडून गेलं, "हात रिकामा होऊ दे."

आणि बघते तर माझे दोन्ही हात मांडीवर रिकामेच होते.