आतोबांचा बोटीचा कायदा

जगातल्या एकूण एक भानगडींचा निकाल बोटीच्या करारात आधीच लागलेला आहे, अशी खात्री असलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आतोबा फोर्टातल्या एका बोट कंपनीत नुकसानभरपाईच्या टेबलावर होते. म्हणजे भरपाई का मिळणार नाही, हे व्यापाऱ्यांना गोड शब्दांत कळवायचं, हे त्यांचं काम. माल भिजला तर समुद्राची मर्जी. फुटला तर बांधणी कच्ची. आणि कांदा सडला तर तो कांद्याचा स्वभावदोष, त्याला बोट काय करणार? मी नोकरीसाठी परळला चाळीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत राहायला आलो, तेव्हा माझ्या उशिरा उठण्यालाही हेच कलम लागलं. घरी पार्सल आलं की सहीआधी ते पोस्टमनच्या कागदावर लिहीत, ‘वरून बरं दिसलं, आतलं ठाऊक नाही.’ पोस्टमन कपाळाला हात लावी.

एकदा आत्या चिडून म्हणाली, “लग्नात काय काय वचनं दिली होतीत, आठवतंय?” आतोबा शांतपणे म्हणाले, “करार सुपारी फुटली तेव्हाच झाला. लग्न ही नुसती माल बोटीवर चढल्याची पावती. पावती म्हणजे करार नव्हे, कराराचा पुरावा.”

“म्हणजे मी माल?”

“छे छे, तू जोखीम.”

आत्या तोंडाला पदर लावून हसली, म्हणून तो संसार तरला.

संयुक्त महाराष्ट्रासाठी परळ-लालबाग पेटलं होतं तेव्हाची गोष्ट. नाक्यावर गोळीबार झाला आणि चाळीतली पोरं धावत येऊन जिना चढली, मागोमाग पोलीस. पहिल्या मजल्यावर एका विधवा मावशींची खानावळ होती. पोरं वर जाताच त्यांनी मागचापुढचा विचार न करता बाकं, भांड्यांचं कपाट, लोणच्याच्या बरण्या, सगळं जिन्यात ढकललं. वाट बंद झाली, पोलीस शिव्या घालत परतले. पोरं वाचली, खानावळ मात्र बुडाली. शेजारी येत, “मावशी, धन्य तुमची,” म्हणत आणि आपापल्या घरी जेवायला जात. मावशी गावी जायची बांधाबांध करू लागल्या.

हे काही आतोबांना बघवेना. त्यांनी सगळ्या चाळीला गॅलरीत जमवलं. म्हणाले, “वादळात बोट वाचवायला कप्तान एखाद्याचा माल समुद्रात टाकतो. ते नुकसान त्या एकट्याचं नसतं. ज्यांचा ज्यांचा माल वाचला, त्या सगळ्यांनी ते वाटून घ्यायचं. आमच्या करारांत हे कलम असतंच. उपकार नव्हे हा, देणं आहे.”

एक शेजारी कुरकुरले, “आमचा बंड्या तर घरातच होता!”

“दार शाबूत आहे ना तुमचं? मग आणा काहीतरी.”

जन्मभर लोकांचे दावे फेटाळलेला माणूस दुसऱ्याचा दावा मांडत होता. मला त्यांचा फार अभिमान वाटला. हळूहळू कुणी टोप आणला, कुणी परात; बंड्याच्या घरून चक्क बाक आलं.

सगळ्यात शेवटी तळमजल्यावरचे म्हातारे मालवणी साचेवाले, गिरणीत माग चालवणारे, तांब्याचं पातेलं घेऊन जिना चढले. त्यांचा मुलगा त्या दिवशी नाक्यावरच गोळी लागून गेला होता. आतोबा झटकन पुढे झाले. “तुम्ही नाही. ज्याचं काही वाचलं नाही, त्याने द्यायचं नसतं. कायदाच आहे तसा.”

म्हातारा दम घ्यायला पायरीवर टेकला. मग म्हणाला, “माझो झील नाय इलो, खरा. पण बाकीची पोरां वाचली मां? ती काय परकी?”

आतोबांनी दोन्ही हातांनी पातेलं घेतलं आणि तसेच जिन्यात त्याच्या शेजारी बसले. खानावळ आठवड्याभरात सुरू झाली, पुढे आपलं राज्यही झालं. आतोबा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांची आठवण आली की मला ते तसेच दिसतात, मांडीवर पातेलं घेऊन म्हाताऱ्याला खेटून बसलेले, आणि एकही कलम न आठवणारे.