मायची थंड पेटी

मायला दिवसातून दोनदा इन्शुलिन लागतं. गावाकडच्या घरात फ्रिज नाही, आणि उन्हाळ्यात तिथली वीज मनाला येईल तेव्हा येते. औषध थंडच राहिलं पाहिजे असं डॉक्टरांनी बजावल्यावर ती माझ्याकडे चिकलठाण्याच्या फ्लॅटवर आली. बायको जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, मुलगी नोकरीला परगावी. घरात पुन्हा कुणीतरी खाकरतंय, भांडी आपटतंय, मला उशीर झाला की करवादतंय, याचा किती आधार वाटला ते मी कुणालाच सांगितलं नाही. तिलाही नाही.

तिला मात्र करमेना. बिडकीनच्या पुढं आमचं गाव. तिथं तिचा ओटा, ओट्यावर येणाऱ्या बाया. होळी झाल्यावर ती म्हणाली, "कंपनीत एवढाल्या मशिनी दुरुस्त करतोस, मला औषध गार राहील आशी पेटी करून दे की. मंग जाते मी माझ्या घरी."

गावातल्या दूधवाल्याकडे मोठा फ्रीजर आहे. रोज सकाळी पाण्याच्या बाटलीचा बर्फ करून द्यायला तो तयार होता. मी म्हटलं, मग औषधच ठेव त्याच्याकडे. "सुईसाठी दोन टायमाला लोकाच्या दारात जाऊ व्हय?" विषय संपला. म्हणजे सकाळचा बर्फ दुसऱ्या सकाळपर्यंत टिकला पाहिजे. टिकला की माय जाणार.

आपल्याच पायावर पाडायचा धोंडा मी मन लावून घडवला. गुलमंडीतून थर्माकोलचे जाड पत्रे आणले. मोठ्या खोक्यात लहान खोकं, मध्ये थर्माकोल, फटींत वखारीतला भुसा दाबून भरलेला, आतून चंदेरी कागद. औषधाची बाटली बर्फाला चिकटून गोठू नये म्हणून वर वेगळा कप्पा. माझ्या फ्रिजमध्ये बर्फ केलेली पाण्याची बाटली आत ठेवून बघितली, तर पहिल्या दिवशी दुपारीच पाणी झालं. मी वरवर हळहळलो, आतून सुटकेचा श्वास टाकला. पण झाकणाच्या कडेनं घाम सुटलेला दिसला आणि हात स्वस्थ बसेनात. तीस वर्षांत अर्धवट काम कधी सोडलं नव्हतं. कडेला फोमची पट्टी लावली, वर गोधडी टाकली.

दुसऱ्या सकाळी पेटी उघडली तर निम्मा बर्फ शिल्लक.

"टिकला का रं?" तिनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही. पाणी झालं."

चोराच्या मनात चांदणं. बाटलीवर नळ सोडून मी तो बर्फ वितळवला, मगच कामावर गेलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच केलं, त्याच्या पुढच्यातही. पन्नाशीचा बाप्या, मोरीत उभं राहून बर्फ लपवतोय. लाज वाटायची, तरी करायचो.

एके दिवशी पहिली पाळी करून चारला घरी आलो, तर पेटी खोलीच्या मधोमध. झाकण उघडं. माय शेजारी बसलेली, मांडीवर पदरात गुंडाळलेली बाटली.

"काल तू कामाला गेल्यावर मीच ठिवली व्हती," असं म्हणून तिनं बाटली हलवली. आतला खडा वाजला.

मी बुटासकट उभा. आता शिव्या पडणार.

"लई चांगली केलीस पेटी," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलायचं बाबा? नुसतं राहा म्हणला आसतास, तर राहिले नसते का मी?"

तेवढंच तर म्हणायचं होतं. एक शब्द. बायकोलाही मी तसं कधी काही म्हटलं नव्हतं. पण मी म्हणालो, "झाकण लाव. गारवा जातोय."

तिनं झाकण लावलं. रविवारी मी तिला गावी पोचवून आलो.

आता रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. सुई घेतली, जेवले, एवढं सांगते. तरी ती फोन ठेवत नाही. कशाची वाट बघतेय ते मला कळतं. शेवटी मीच म्हणतो, "ठेवतो, माय."