तज्ज्ञांनी वाखाणलेला पंचनामा

नोकरीत चोऱ्या-दरोडे पुष्कळ पाहिले, पण आजही जी घटना आठवली की हसू येते आणि हातही जोडावेसे वाटतात, ती एका लेखाची आहे.

मी कराडला होतो. एक प्राध्यापिका सासऱ्यांना घेऊन पोलीस ठाण्यात आल्या. उसाची मुळे खाणाऱ्या हुमणी किडीवर त्यांनी संशोधन केले होते. बढतीच्या घाईत एका नियतकालिकाकडे लेख पाठवला. फी भरताच तो ‘तज्ज्ञांनी तपासला’ म्हणून संकेतस्थळावर झळकला. नियतकालिक बोगस निघाले, लेख काढायला मात्र तयार होईना. आणि एकदा छापलेला लेख चांगले नियतकालिक घेत नाही.

सासरे म्हणाले, “साहेब, सूनबाईसंगं आमी गावभर उसाच्या सऱ्या उकरल्या. ते समदं वाया जाणार व्हय?”

गुन्हा नोंदवला. लोणंदच्या खबऱ्याने सांगितले, एका फ्लॅटमधून लेख छापल्याच्या प्रमाणपत्रांची पाकिटे सारखी कुरिअरला जातात. तिथल्या इसमाला चौकशीला बोलावले. “आमचे तज्ज्ञ परदेशात असतात,” हे एकच पालुपद. अशा माणसावर आवाज चढवून काही निघत नाही. चहा पाजून घरी पाठवला.

मग हवालदाराकरवी दुसऱ्या नावाने त्याच्याकडे एक ‘संशोधन’ पाठवले. विहिरीवरची मोटार चोरीला गेल्याचा जुना पंचनामा, नावे गाळून. वर मथळा ‘ग्रामीण जलव्यवस्थापन’. संध्याकाळीच उत्तर आले, “मौलिक लेखन. दोन तज्ज्ञांची शिफारस.” ठाणे हसून लोटपोट झाले.

त्याला पुन्हा बोलावले आणि मोठ्याने वाचून दाखवले, “विहिरीच्या पूर्वेस बांध, बांधावर डाव्या पायाची एक चप्पल. या चपलेविषयी तुमच्या तज्ज्ञांचं मत काय?”

त्याने पाणी मागितले. “तज्ज्ञ कोण न्हाई, साहेब. समदं मीच हाय.”

लेख कोणीही तपासला नव्हता, असा त्याचा जबाब झाला. तपासात लेख संकेतस्थळावरून उतरला. बाईंनी या वेळी जुन्या, नावाजलेल्या नियतकालिकाचे संपादक कोण, लेख कोण तपासते, याची आधी चौकशी केली आणि सगळी हकीकत कळवून लेख तिकडे पाठवला.

बऱ्याच महिन्यांनी दोघे अंक घेऊन आले. शेवटी गावकऱ्यांचे आणि आमच्या ठाण्याचेही आभार छापले होते. माझा ऊर भरून आला. सासऱ्यांनी मात्र अंक उलटसुलट करून विचारले, “ह्यो तरी खरा हाय न्हवं?”

“खरा आहे, मामा,” बाई म्हणाल्या. “यांच्या तज्ज्ञांनी दोनदा चुका काढून लेख परत पाठवला होता.”

माझी दोषारोपपत्रे त्रुटी काढून परत करणारे एक सरकारी वकील होते. त्या संध्याकाळी त्यांना फोन केला आणि मनापासून आभार मानले.