कुठला कागद?

फसवलं मी, ठपका मंगलमावशींवर. एवढं एक वाक्य मी आजवर कुणापुढे बोललो नाही — बायकोपुढेही नाही.

तळवड्यात माझा लोणच्याचा कारखाना आहे. घरच्या दोन पातेल्यांवरून इथवर आलो, आणि घासाघीस करूनच आलो. नागपूरची पहिली मोठी ऑर्डर मिळाली, तेव्हा बरण्यांच्या झाकणवाल्याला मी इतकं दाबलं, की तो म्हणाला, "शेठ, या भावात आतली चकती पातळ येईल." मी म्हटलं, येऊ दे. त्याच्यावर माझा अजून राग आहे — सरळ 'नाही' का म्हणाला नाही तो? बघा, पुन्हा दुसऱ्यावरच ढकलतोय.

मंगलमावशी बीडकडच्या. कारखान्यात बरण्यांची झाकणं त्या हाताने घट्ट पिळायच्या. दर घाण्यातल्या बारा बरण्या वर्तमानपत्रावर उलट्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी कागद बघायचा — ही पद्धत त्यांचीच. त्या सकाळी कागदावर तेलाची सात वर्तुळं उमटली होती. "दादा, ह्यो माल धाडू नका. झाकण धरंना." गाडी दारात उभी होती. मी भडकलो. कागद हिसकावला, टेबलाच्या खणात कोंबला आणि गाडी सोडली.

माल परत आला. खोकी तेलाने थबथबलेली. सगळ्या बायांसमोर मी ओरडलो, यांचा हातच सैल आहे! मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, कागद दावला व्हता की."

"कुठला कागद?"

हे मी म्हणालो. तो खण तेव्हा माझ्या गुडघ्याला लागत होता.

त्या डबा उचलून निघून गेल्या. पुढे निघोज्यातल्या एका मसालेवाल्याचा फोन आला — बाई कामाला कशी आहे? निदान तेव्हा तरी खरं बोलायचं की नाही? म्हटलं, हात सैल आहे.

नंतर झाकण बदललं, पिळायला मशीन घेतलं. आता एकही बरणी गळत नाही. उलट्या बरण्यांचा नियम छापून भिंतीवर लावलाय, खाली सही माझी. पाहुणे विचारतात, कल्पना कुणाची? मी नुसता हसतो.

मावशी आता कुठे आहेत, माहीत नाही. शोधलंही नाही. कागद अजून खणात आहे. पिवळा पडलाय, पण वर्तुळं मोजता येतात. त्या हातांना सैल ठरवलं, याचा जाब कुणीतरी द्यायलाच हवा. झाकणवाल्याने नव्हे. मी.