दोघींची आसवं

तेम्पेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांच्या, बाबतीत वागियेमचा हात धरणारं क्लातेनच्या बाजारात कुणी नव्हतं. सोयाबीन उकडायचं, सालं काढायची, विरजण शिंपडायचं, केळीच्या पानात बांधून बांबूच्या मांडणीवर ठेवायचं, हे सगळ्याच जणी करत. वागियेमची खोड पुढची होती. विकायला नेण्याआधी ती एकूण एक पुडी अंगठ्याने दाबून बघे. ऊब कमी वाटली, की पान सोडून आत डोकावे. वरून चांगली दिसते म्हणून तिने एकही पुडी तशीच टोपलीत टाकली नाही.

नवरा गेल्यापासून तिला दोन मुलींचीच काय ती काळजी होती. म्हणजे खरं तर एकीचीच.

थोरल्या मुर्नीचं लग्न ठरलं तेव्हा गल्लीतल्या सास्त्रो आजोबांनी दोघांचे वेतोन मांडले. जन्माचा वार आणि पाच दिवसांच्या फेऱ्यातला त्या दिवशीचा बाजारवार घेऊन बोटांवर बेरीज केली आणि तोंडभर हसून म्हणाले, ‘तिनारी’. म्हणजे न मागता पदरात पडणारं सुख. जावईही तसाच शोभला. हार्तोनोचं सोलो शहरात मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान. बोलणं गोड, सासूपुढे कमरेत वाकून उभा राहणार. धाकट्या रेत्नोच्या वेळी मात्र आजोबांनी बेरीज पुन्हा करून पाहिली, चहाचा पेला बाजूला सारला आणि खालच्या आवाजात म्हणाले, ‘पेगात’. फाटाफूट. एक तर संसार मोडतो, नाही तर दोघांतलं एक माणूस जातं.

वागियेमने हातापाया पडून पाहिलं. रेत्नो म्हणाली, “मोडायचाच असेल तर याच्याशीच मोडू दे, इबू. दुसऱ्याशी टिकवून मला काय करायचंय?”

हा म्हणजे गियान्तो. शेतांच्या कडेला बदकं पाळणारा, अंगाला सदा चिखलाचा वास येणारा पोरगा. लग्नाच्या दिवशी त्याच्या गाडीचं चाक बसलं आणि नवरदेव उशिरा आला. तेव्हापासून वागियेमने त्याच्यावर डोळा ठेवला. गियान्तो गप्प बसला तर ती म्हणे, मनात काहीतरी शिजतंय. मोठ्याने हसला तर, काहीतरी लपवतोय. अंडी घेऊन आला तर, कशाची तरी भरपाई करतोय. नाही आला तर विचारूच नका. रेत्नोच्या घरी एकदा बशी फुटली, तेव्हा वागियेमने तिचे तुकडे रुमालात बांधून सास्त्रो आजोबांना नेऊन दाखवले. मुर्नीकडे काय फुटत होतं, हे तिने कधी विचारलं नाही. मुर्नीचे फोन कमी झाले, तर तिला वाटलं, सुखात आहे, आईला कशाला आठवेल. पुढे मुर्नी भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालू लागली, तर तिने बाजारात सांगितलं, जावयाला वळण आवडतं. या बाईच्या डोळ्यांत दोष नव्हता हो. फक्त एका मुलीसाठी ते सताड उघडे होते आणि दुसरीसाठी मिटलेले.

रोजे संपले, लेबारानची, म्हणजे ईदची, सकाळ उजाडली. रीतीप्रमाणे दोघी मुली गुडघ्यांवर बसून आईच्या मांडीवर डोकं टेकवून क्षमा मागायला आल्या. आधी रेत्नो आली. ती रडली, आणि वागियेमचं काळीज लक्कन हललं. पोरगी भोगतेय गं माझी. मग मुर्नी आली. ती त्याहून जास्त वेळ रडली. उठेचना. पदराशी तोंड नेऊन म्हणाली, “इबू, मला इथंच राहू दे.” वागियेमने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि हसून जमलेल्या बायकांना म्हणाली, “बघा, एवढं सुख मिळालं तरी माहेर सुटत नाही. नशीबवान पोरी अशाच रडतात.” हार्तोनो दारातून कौतुकाने बघत होता.

त्यानंतर काही आठवड्यांनी, बाजार ऐन भरात असताना, शेजारी मिरच्या विकणारी तुमिराह कानाशी लागली. “राग मानू नकोस, पण तुझ्या धाकटीच्या दारात काल बॅग दिसली. आत बाई रडत होती.”

वागियेमने टोपली तशीच तुमिराहच्या अंगावर टाकली आणि पहिल्या दिसलेल्या पोराच्या मोटारसायकलवर मागे बसली. वाटभर मनात एकच भीती. पेगात आलं. दारात आलं. पण त्या भीतीच्या तळाशी आणखी एक बारीकशी गोष्ट होती, आणि ती कबूल करायची तिला लाज वाटली असती. बघा, मी सांगत नव्हते?

गियान्तो अंगणात बदकांसाठी कोंडा कालवत होता. तिला बघून उठला.

“काय केलंस माझ्या पोरीला?”

“हळू बोला, इबू. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा.”

त्याचा तो हळू आवाजही तिला चोरासारखा वाटला. त्याला ढकलूनच ती आत गेली.

रेत्नो चुलीशी पेज ढवळत होती, धडधाकट. चटईवर मुर्नी झोपली होती. एक मनगट प्लास्टरमध्ये, डोळ्याखाली काळंनिळं. वागियेमने हे सगळं पाहिलं आणि तिच्या तोंडून काय निघालं? “गियान्तोनं हात उचलला हिच्यावर?”

रेत्नोने पळी खाली ठेवली. “ह्यांनी तिला सोलोहून आणलंय, इबू. परवा तिनं फोन केला, तर अंगावरच्या कपड्यांनिशी गाडी काढून गेले. जिथनं आणलं त्या घराचं नाव तूच घे.”

वागियेम चटईच्या कडेला बसली. “पण तुमचं तर तिनारी आलं होतं गं,” ती मुर्नीकडे बघत म्हणाली.

मुर्नी जागी झाली होती. “तोही तेच म्हणतो,” ती म्हणाली. “मारून झालं की म्हणतो, जा, सांग तुझ्या आईला. आपलं तिनारी आहे, तिला खरं वाटतं का बघ.”

तेवढ्यात वागियेमच्या पिशवीतला फोन वाजला. हार्तोनोच होता. आवाज नेहमीसारखा मऊ. मुर्नी न्हाणीघरात घसरून पडली, म्हणाला. डोक्याला मार लागल्यापासून काहीबाही बोलते. आणि त्या बदकवाल्याने तिचे कान भरलेत. “तुम्हीच म्हणायचात ना, इबू, त्या घरावर पेगातची सावली आहे? आता ती आमच्या संसारावर पडतेय. तिला पाठवून द्या. मी निघालोच आहे.”

खरं सांगायचं तर वागियेमला क्षणभर हायसं वाटलं. सगळं कसं बसत होतं. गियान्तो वाईट, हार्तोनो चांगला, आजोबांची बेरीज खरी, आणि तिने इतके दिवस जागून काढलेल्या रात्रीही खऱ्या. एवढं सरळ कुणी हातात आणून दिल्यावर ते टाकवत नाही. ‘हो’ तिच्या ओठांवर आलं होतं. मुर्नीला ते दिसलं असावं, कारण तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

फिरवताना तिची बाही किंचित वर सरकली. वागियेमचा अंगठा आपोआप पुढे गेला, मांडणीवरच्या पुडीवर जातो तसा, आणि तिने ती बाही कोपरापर्यंत वर सारली. जखमा एका दिवसाच्या नव्हत्या. काही ताज्या होत्या, काही पिवळ्या पडलेल्या, काही जुन्या होऊन पांढऱ्या झालेल्या. एकदा घसरून पडणारं माणूस इतक्या वेगवेगळ्या ऋतूंत पडत नाही.

“इबू? ऐकताय ना?” फोनमधून आवाज आला.

“ऐकतेय. मुर्नी येणार नाही,” वागियेम म्हणाली. “आणि तू येऊ नकोस. आलास तर आधी जावयाला भेटावं लागेल. तो इथे दारातच आहे.”

दारात उभ्या गियान्तोला आधी कळलंच नाही, जावई म्हणजे कोण ते. मग त्याने कोंड्याचे हात विजारीला पुसले आणि फाटकाकडे तोंड करून बसला.

वागियेमने फोन बंद केला. हार्तोनो येईल का, आला तर काय होईल, ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती आता तिला स्वतःची वाटू लागली होती. आणखी काय काय आपण असंच बघून न बघितल्यासारखं केलं असेल? मुर्नीने डोकं उचललं आणि आईच्या मांडीवर ठेवलं, लेबारानला ठेवलं होतं तिथेच, आणि तशीच रडायला लागली. वागियेमचा हात केसांवर गेला. सवयीने तोंडात काहीतरी येत होतं. ते तिने गिळलं.

“का रडतेस, न्दुक, माझ्या पोरी?” तिने विचारलं. “मी काही बोलत नाही. तू सांग.”