चेंडूतून निघालेली बेल

लिंबू माझ्या घरात फक्त सरबतासाठी येतं, हे आधीच सांगते. मी नांदेडला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. स्टाफरूममध्ये कुणी अंगात येण्याबद्दल बोलायला लागलं की मी मुद्दाम उलटे प्रश्न विचारून त्याची गोष्ट पाडते. त्यामुळे हे इथे लिहिताना लाज वाटते आहे... पण कुठेतरी सांगायलाच हवं.

माझी मुलगी ऋतुजा नीटच्या क्लाससाठी लातूरला असते. सोबतीला माझी माय. क्लासेसच्या भागातच, एका इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आम्ही खोली घेतली आहे. दार उघडलं की समोर मोकळी गच्ची. खोली मायनेच पसंत केली, ती या गच्चीसाठी. आमचं गाव किल्लारीजवळचं. भूकंपापासून माय कधी आपणहून स्लॅबखाली झोपली नाही. पुनर्वसनात घर मिळालं तर तिथे अंगणात, नांदेडला माझ्याकडे आली तर गॅलरीत, पावसाळ्यात पत्र्याखाली. आमच्याकडे अशी माणसं पुष्कळ आहेत, कुणी त्याचं नवल करत नाही.

पण मागच्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. घरी सोडताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आता गारठ्यात झोपल्या तर पुढच्या वेळी मला काही करता येणार नाही. मी मायला समजावलं, रागावले, रडलेसुद्धा. ती सगळं ऐकून घ्यायची आणि संध्याकाळ झाली की वळकटी काखेत मारून गच्चीवर जायची. दुसरी आई कुठून आणू मी?

त्याच दिवसांत खालच्या गिफ्टच्या दुकानात ती जपानी मशीन आली. मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये तुम्ही पाहिली असेल — पारदर्शक पेटीत रंगीबेरंगी प्लास्टिकचे चेंडू, दांडा फिरवला की एक घरंगळत खाली येतो, आणि आत कोणतं खेळणं निघेल ते आपलं नशीब. लातूरच्या पोरांनी तिलाही अभ्यासाला जुंपलं. टेस्टच्या आदल्या दिवशी फिरवायची, मनासारखं निघालं तर पेपर चांगला जाणार! मायला हा धंदाच पटला नाही. म्हणाली, "आत काय हाय ते न बघता घ्यायचं? असं तर म्या वांगी बी घेत न्हाई."

ऋतुजाला निघाली दाराची बेल. अंगठ्याएवढी, पांढरी, मधोमध बटण. दाबलं की डिंगडाँग वाजायचं आणि मग आतून एक बारीक आवाज म्हणायचा, "हाय." जपानीत त्याचा अर्थ 'हो' होतो, असं ऋतुजाने मोबाइलवर शोधून सांगितलं. दोनचारदा वाजवून तिने ती खिडकीत ठेवून दिली. पोरीला टेस्ट होती, बेलचं कौतुक किती करणार.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाज दबका. "आई, आजी त्या बेलशी बोलून राहिली."

शनिवारी कॉलेज उरकून एसटी धरली. पोचले तेव्हा माय गच्चीवर गोधडी पांघरून बसली होती आणि ती बेल तिच्या तळहातावर होती. पुढचं सांगण्याआधी संगीबद्दल सांगते. संगीता, माझी मोठी बहीण, नऊ वर्षांची. भूकंपाच्या पहाटे माझं पोट दुखत होतं, म्हणून माय मला परसाकडे घेऊन बाहेर पडली, आणि आमच्या मागे घर बसलं. संगी आत होती. मी सहा वर्षांची होते. मला धूळ आठवते आणि मायचा आवाज आठवतो. दगडमातीच्या ढिगावर ओणवी होऊन ती सगळी सकाळ एकच विचारत होती, "संगे, हायस का?"

आतून उत्तर आलं नाही.

आता गच्चीवर बसून ती तेच विचारत होती, अगदी त्याच सुरात. "संगे, हायस का?" बटण दाबायची. डिंगडाँग. "हाय."

मला भीती नाही वाटली. शेजारी बसून मी तिला नीट समजावलं, की ही जपानी बाई आहे, मशीनमध्ये भरलेला आवाज आहे, 'हाय' म्हणजे त्यांच्यात 'हो'. मायने शांतपणे ऐकलं.

"मंग तेच की," ती म्हणाली. "हाव म्हनली काय आन् हाय म्हनली काय."

मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

तिची कणकण परत सुरू झाली होती. खोकला छातीतून येत होता. रविवारी दिवेलागणीला मी तिची वळकटी धरली आणि म्हटलं, आज तुला आत नेल्याशिवाय सोडत नाही. तिने माझा हात काढला. लेक भाईर हाय म्हणते, मग मी आत कशी जाऊ, असं तिचं म्हणणं. मी वैतागले. म्हटलं, ठीक आहे, तुझा माझ्यावर विश्वास नाही ना, मग तिलाच विचार तू आत झोपावंस की नाही. उपरोधाने बोलले होते. मायने मात्र खरंच बेल तोंडाजवळ नेली आणि विचारलं.

बटण दाबलं. डिंगडाँग वाजलं नाही.

"नीज तू. आलेच मी."

आवाज बारीक होता, पण जपानी बाईचा नव्हता. शब्द ओढून बोलणाऱ्या, आमच्याकडच्या खेड्यातल्या पोरीचा होता. ऋतुजा चहा घेऊन दारात उभी होती. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग आजीकडे. "आई... हे कोण बोललं?"

मायने कुणालाच काही विचारलं नाही. बेल कठड्यावर ठेवली, वळकटी उचलली आणि आत आली. पलीकडच्या भिंतीला गादी टाकून आडवी झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला आपणहून चार भिंतींच्या आत झोपलेली पाहत होते. आनंद व्हायला हवा होता, पण माझं लक्ष कठड्यावरच्या बेलकडे होतं.

नंतर ऋतुजा हळूच जवळ आली. तिने कंपास उघडून दाखवला. आत दोन बटणाएवढे सेल. बेल बंद पडली तर आजी आत येईल म्हणून तिनेच दुपारी, आजीचा डोळा लागलेला असताना, ते काढून ठेवले होते. मी कठड्यावरची बेल आणून मागचं झाकण उघडलं. जागा रिकामी होती.

सकाळी मायला विचारलं, ते शब्द ऐकून तू लगेच उठलीस कशी? तिने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मह्येच शब्द हायत ते. तुला घेऊन निघाले तवा संगी उठली. म्या बी येते म्हनली. म्या म्हनलं, नीज तू, आलेच मी."

हे तिने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या वडिलांनाही नाही, ते जाईपर्यंत. मी तिच्या कडेवर होते, पण मला आठवत नाही. मला ते आठवत असतं तर निदान म्हणता आलं असतं, की माझ्याच मनातून आलं.

तर... शेजारचा टीव्ही, कुणाचा मोबाइल, तिघींना एकाच वेळी झालेला भास, सगळं तपासून झालं. ऋतुजाने एकटीनेच ऐकलं असतं तर अभ्यासाचा ताण म्हटलं असतं. बेल मी नांदेडला आणली, सगळी खोलून बघितली. साधं सर्किट आहे. विद्यार्थ्यांना समजावून सांगू शकेन इतकं साधं. तरीही त्या संध्याकाळचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

मायची तब्येत सुधारली. खोकला गेला. ती आता रोज आत झोपते, भिंतीला अगदी चिकटून, अर्धी गादी मोकळी ठेवून. कारण मी विचारलेलं नाही.

परवा लातूरला होते. झोपताना दाराची कडी लावायला उठले. मला वाटलं माय झोपली असेल. अंधारातून तिचा आवाज आला, "ऱ्हाऊ दे. आलेच म्हनलीय ती."

मी कडी न लावता परत येऊन झोपले.