माणिक गार्डचा डोंगर

२०११ साल. मी तेव्हा त्रेपन्न वर्षांचा होतो आणि डोक्यावर गवताचा भारा घेऊन डोंगर उतरत होतो. खाली तारेच्या फाटकाशी खाकी कपड्यातला एक काटकुळा माणूस उभा होता. त्यानं मला थांबवलं, भारा खाली उतरवायला लावला, दोरी सोडली आणि ते गवत मूठ मूठ घेऊन परत डोंगरावर पसरायला लागला. शेतात खत टाकतात तसं, सारखं, कुठं ढीग न होऊ देता. दंड नाही, शिवी नाही. मी बघत उभा.

"आता ते पुन्हा उगवणार हाय का बे?" मी म्हणालो.

"उगवू न्हाईतर कुजू. डोंगराचं डोंगराला." मग दोरीची नीट घडी करून त्यानं माझ्या हातात दिली. "ही तुमची. घ्या."

हा माणिक गार्ड. आमच्या गावच्या डोंगरावर सरकारनं मोरांसाठी अभयारण्य केलं, त्याला बरीच वर्षं झाली होती. आधी आलेले गार्ड दुपारी झोपायचे. हा झोपणारा नव्हता. गावात कोणाच्या घरी जेवत नसे, चहाही घेत नसे. बायाबापड्यांचे भारे सोडून गवत पसरायचं, हे त्याचं रोजचं काम. आमची सरू, म्हणजे माझी बायको, त्याला पेरणीवाला म्हणायची. "आला का तुमचा पेरणीवाला?" असं फाटकाकडं बघून मोठ्यानं विचारायची. त्याला ऐकू जायचं. तो हसायचा नाही आणि रागवायचाही नाही.

आमच्या गावाची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पावसाळाभर डोंगराला कोणी हात लावायचं नाही. गवताचं बी पडू द्यायचं. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी सगळं गाव विळे घेऊन वर जायचं, घरागणिक एक पट्टा ठरलेला. कापणी झाली की मग जनावरं चरायला सोडायची आणि होळी झाली की परत खाली आणायची. अभयारण्य झाल्यावरही हे चोरून मारून चालूच होतं. माणिकनं ते पार बंद केलं.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण वादात मागं सरणारा नाही. फाटकाशी जाऊन मी त्याच्याशी रोज भांडायचो. तो परळी तालुक्यातल्या धर्मापुरीचा. तिथं जुनं देऊळ आहे, त्याचंच उदाहरण तो सारखं द्यायचा.

"तात्या, आमच्या देवळावर पोरं चढायची. गुरं टेकायची. तार मारली, आत कुणाला जाऊ दिलं न्हाई, तर देऊळ हाय तसं ऱ्हातं का न्हाई? डोंगराचं बी तसंच."

"देऊळ दगडाचं हाय, गार्डसाहेब. ते वाढत न्हाई."

"तुमाला गवत पायजे म्हणून तुमी बोलताव."

"व्हय, पायजेच हाय. मग?"

पहिली दोन वर्षं त्याची होती. हे मी लिहितो, कारण खरं ते खरं. गवत छातीला लागलं. सकाळी सगळा डोंगर मोरांनी ओरडायचा. वनखात्याच्या ऑफिसातून साहेब आले, त्याच्याबरोबर फोटो काढून गेले. ओढ्यात सिमेंटचा पाणवठा झाला, चर खणले, त्यावर उंदीरमारीची, म्हणजे गिरिपुष्पाची, झाडं लावली. गवताळ माळ म्हणजे मोकळी जागा, मोकळ्या जागी झाड पाहिजे, असा ऑफिसाचा हिशोब. माणिक मला बोलवून दाखवायचा. "बगा तात्या. लई बोलत होताव न्हवं?" मी न बोलता खाली यायचो. घरी सरू म्हणायची, "आज जिभेला काय झालं?"

तिसऱ्या वर्षापासून डोंगर बिघडायला लागला. न कापलेलं गवत उभंच वाळलं, त्याच्या सावलीत नवं पिवळं पडलं. मारवेल, पवना अशी गुरांच्या आवडीची गवतं आधी गेली. नुसती कुसळं राहिली, तीही राठ. मग चरांच्या कडेनं काटेरी घाणेरी घुसली. तिच्या जाळीत कुत्रं शिरत नाही, माणूस शिरत नाही, खाली गवताची काडी उगवत नाही. मोराला चालायला, नाचायला, लांबून कुत्रं येताना दिसायला मोकळी जमीन लागते. ती राहिली नाही. मोर खाली आमच्या रानात उतरले.

एका पावसाळ्यात पेरणी चालू होती. औषध लावलेलं बी. कोणी मोरांसाठी लावलं नव्हतं, किडीसाठी लावलं होतं. आमच्या शेजारच्या वावरात चार लांडोरी आणि एक मोर मरून पडले. माणिक आला. त्यानं मोर उचलून मांडीवर घेतला आणि बांधावर बसला. गावातले लोक घाबरले, आता केस होणार. त्यानं कोणाचं नाव लिहून घेतलं नाही. सगळे गेल्यावर माझ्या ओट्यावर आला. सरूनं न विचारता चहा ठेवला आणि त्यानं तो घेतला. सात वर्षांत पहिल्यांदा.

"तात्या," तो म्हणाला, "मी राखलं का मारलं?"

मी गर्विष्ठ माणूस आहे, असं लोक म्हणतात. त्या दिवशी मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मी म्हणालो, "चहा गार व्हायलाय."

त्यानंतर माणिकनं एकच ध्यास घेतला. दसऱ्याची कापणी परत चालू करायची. गार्डनंच कापणी मागायची, ऑफिसात त्याला लोक हसले असतील. वर्षभर खेटे घातले. शेवटी वरचे साहेब म्हणाले, नमुना म्हणून एक दिवस बघू, पण मागणी गावाची पाहिजे. गाव आलं तर पुढं दरवर्षीचं बघता येईल, गाव आलं नाही तर विषय संपला. माणिक उड्या मारतच माझ्याकडं आला. पन्नाशी उलटलेला माणूस. "तात्या, फाटक उघडायलोय. सगळं गाव घेऊन या."

तो गाव कुठलं समजत होता, कोण जाणे. डोंगर बंद झाल्यावर लोकांनी चाऱ्यावाचून गुरं विकली होती. गुरं नाहीत तर गवत कशाला? आणि दसऱ्याच्या सुमारास तर मुकादमाचे ट्रक येतात. ज्यांच्या हातात विळा चालतो ते सगळे कोयते घेऊन ऊसतोडीला जातात. आधी घरी गुरं होती म्हणून घरटी एक माणूस मागं राहायचा. आता गुरंच नाहीत, तर राहायचं कशासाठी? माणिक दोन दिवस दारोदार फिरला. निम्म्या घरांना कुलपं. एका दारात म्हातारी म्हणाली, "सायब, आदी यायचं होतं. आता गवत काय मी खाऊ?"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फाटकाशी मी, सरू आणि दोन म्हाताऱ्या. माणिकनं स्वतः शर्ट काढला आणि उसना विळा घेतला. त्याला विळा धरता येत नव्हता.

"बुडातून कापा, गार्डसाहेब. न्हाव्यावाणी काय वरवर करायलाव?" एक म्हातारी म्हणाली.

"मावशे, शिकतोय की."

"शिकस्तोवर आमी मरताव."

हसलो सगळे. दिवसभरात खळ्याएवढी जागा मोकळी झाली. संध्याकाळी साहेबांची जीप आली. ते चांगले होते, ओरडले नाहीत. जीपमधूनच त्यांनी आमच्याकडं पाहिलं. "माणिकराव, गाव कुठाय?" एवढंच विचारलं. माणिकनं आमच्याकडं हात केला. साहेबांनी मान हलवली आणि जीप वळली.

त्या खळ्याएवढ्या जागेत पुढं आठ-पंधरा दिवस एक लांडोर पिलं घेऊन किडे टिपायला यायची. माणिक लांब बसून बघायचा. मला म्हणाला, "एवढ्याशा जागंला आली, तात्या. सगळा डोंगर कापला असता तर?" मला त्याच्या तोंडाकडं बघवेना.

उन्हाळ्यात डोंगर पेटला. कोणाच्या बिडीनं, कोणाच्या बांधावरच्या जाळानं, कळलं नाही. इतक्या वर्षांचं वाळलेलं गवत उभं होतं, आग अडवायला काढलेली जाळरेषा ओलांडून ती दुपारीच माथ्यावर गेली. माणिक लिंबाच्या डहाळ्यांनी झोडपत होता. आम्हीही होतो. कसली विझते. त्याचे दोन्ही हात भाजले. पाऊस पडल्यावर मी बघायला गेलो, तर राखेतून आधी काय वर आलं असेल? घाणेरी. बुडापासून टवटवीत. गवत कुठं कुठं होतं, केस गळालेल्या डोक्यावर असतात तेवढं. ऑफिसानं त्यावर उपाय म्हणून तार आणखी उंच केली आणि वरच्या अंगाला नवे चर खणले.

माणिक निवृत्त झाला, पण धर्मापुरीला गेला नाही. आमच्याच गावात एक खोली घेऊन राहिला. बायको आधीच गेलेली, मुलगा परळीला. दर पावसाळ्यात तो माझ्याकडं यायचा आणि पहिला प्रश्न, "गावात गुरं किती?" दर वर्षी मी कमी सांगायचो. शेवटी माझीच एक तांबडी गाय राहिली. पोरं म्हणत होती, विका, कशाला शेण काढता. मी विकली नाही. त्यावर माणिक दर वर्षी ऑफिसात अर्ज द्यायचा, गावात जनावर आहे, गवताची मागणी आहे, दसऱ्याला कापणी द्यावी. "तुमच्या गाईवर उभा हाय सगळा डोंगर," असं म्हणायचा. सरू गाईला चारा टाकताना म्हणायची, "खा बाई. तू सरकारी हायस." उत्तर कधी आलं नाही. तो परत लिहायचा.

मी एकदा चिडून म्हणालो, "कावून जीव काढताव? डोंगर मेला. मोर गेले. आता कोणासाठी?"

"मी बंद केलाय तात्या, मलाच उघडायचाय."

"आन् न्हाई उघडला तर?"

त्यानं हाताची भाजलेली कातडी चोळली. "तर न्हाई," म्हणाला.

गेल्या हिवाळ्यात त्याला धाप लागायला लागली. बीडच्या दवाखान्यात नेलं, तिथून परत आणलं. मी रोज जाऊन बसायचो. एकदा खिडकीतून त्यानं डोंगर दाखवला. लांबून हिरवा दिसत होता. नवा माणूस बघेल तर म्हणेल, किती चांगलं रान आहे. "घाणेरी," माणिक म्हणाला, आणि डोळे मिटले. शेवटच्या दुपारी त्यानं विचारलं, "गाय हाय न्हवं?"

"हाय."

"मंग यंदाबी देऊ अर्ज."

"देऊ."

संध्याकाळच्या आत तो गेला. मुलगा गाडी घेऊन आला आणि त्याला धर्मापुरीला घेऊन गेला. ऑफिसातून कोणी आलं नाही, त्यांना कळवलं कोणी? गाडी फाटकावरून गेली तेव्हा रस्त्यावर मी आणि सरू दोघंच उभे होतो. घरी आल्यावर सरू म्हणाली, "आता अर्ज कोण लिवणार?" मला लिहिता येतं, ते तिला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांबडी गाय सोडली आणि चालवत नेकनूरच्या बाजाराला नेली. आष्टीकडच्या एका शेतकऱ्यानं तिचे दात बघितले, कास बघितली, पाठीवरून हात फिरवला.

"डोंगराकडची दिसती," तो म्हणाला. "चरायची सवय आसंल?"

"न्हाई," मी म्हणालो. "तिनं डोंगर कधी बगितलाच न्हाई." आणि कासरा त्याच्या हातात दिला.